इंजिन मोठे करण्यापूर्वी

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त आयोजित माजी विद्यार्थी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या सभागृहात यापूर्वी मी बोलायला उभा राहिलो तो १९७४ साली, शालान्त परीक्षेच्या निरोप समारंभात. आभाराची चार वाक्ये पाठ करून आलो होतो. तिसरे वाक्य विसरलो आणि तसाच खाली बसलो. जवळजवळ पन्नास वर्षांनी कार्यकारिणीने पुन्हा संधी दिली, याबद्दल मी मनःपूर्वक आभारी आहे. राहून गेलेले ते वाक्य आमच्या शास्त्राच्या सरांविषयी होते. ते आज बोलण्याच्या ओघात सांगून टाकीन.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा हैदराबादपासून वेगळा झाला. नोकरी-व्यवसायामुळे जी मराठी कुटुंबे येथेच राहिली, त्यांनी घरोघर वर्गणी मागून ही शाळा उभी केली. माझे वडील त्या वर्गणीदारांपैकी एक. ते रेल्वेच्या लालागुडा कारखान्यात डब्यांच्या विभागात फिटर होते. शाळेच्या इतिहासावर माझ्यापेक्षा अधिकाराने बोलणारी मंडळी येथे आहेत. म्हणून चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटले, माझ्या हातांना जे ठाऊक आहे तेच सांगतो. इंग्लंडमध्ये असताना घरच्या गॅरेजमध्ये एका जुन्या स्पोर्ट्‌स मोटारीत मी मोठे इंजिन बसवले. त्या कामात काय साधले आणि काय चुकले, एवढाच आजचा विषय आहे. जे चुकले ते आपल्या नववीच्या पुस्तकातले होते.

प्रथम त्या मोटारीची ओळख करून देतो. तिचे नाव एमजीबी. दोन आसनांची, ठेंगणी, उघड्या टपाची ही गाडी १९६२ साली इंग्लंडमध्ये आली आणि १९८० पर्यंत ॲबिंग्डन गावच्या कारखान्यात तयार होत राहिली. पुढे टप असलेला तिचा भाऊबंदही निघाला. दोन्ही मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. तिचे मूळ इंजिन चार सिलिंडरांचे, १७९८ सीसीचे. सुरुवातीच्या काळात त्याची शक्ती ९५ अश्वशक्ती सांगितली जाई. हे इंजिन आपल्याला परके नाही. उत्तरपाड्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या आपल्या ॲम्बॅसॅडरमध्ये जे १४८९ सीसीचे इंजिन अनेक वर्षे होते, ते याच घराण्यातले, ‘बी-सिरीज’ या नावाने ओळखले जाणारे. काचीगुडा स्थानकाबाहेर उभ्या असणाऱ्या ॲम्बॅसॅडर टॅक्सीच्या बॉनेटखालचा खडखडाट ज्यांनी ऐकला आहे, त्यांनी एमजीबीच्या धाकट्या बहिणीचा आवाज ऐकला आहे.

हे इंजिन दणकट, पण बिडाचे आणि म्हणून जड. गाडीचे रूप वेगाचे आणि चाल मात्र मध्यम. तेव्हा ‘यात मोठे इंजिन बसेल का?’ हा प्रश्न अनेकांच्या मनात येणे स्वाभाविक होते. मौज अशी, की या प्रश्नाची दोन उत्तरे इतिहासात शेजारी शेजारी नोंदलेली आहेत.

पहिले उत्तर एमजीसी. १९६७ साली कंपनीने त्याच गाडीत २९१२ सीसीचे, सहा सिलिंडरांचे बिडाचे इंजिन बसवले. शक्ती वाढली, पण मूळ इंजिनापेक्षा हे इंजिन बरेच जड आणि लांब होते. गाडीचे नाक जड झाले. वळणावर चालकाने चक्र फिरवावे आणि गाडीने सरळच जाऊ पाहावे, अशी टीका त्या वेळच्या मोटार-नियतकालिकांनी केली. सुमारे ९००० गाड्या तयार झाल्यावर १९६९ साली हा प्रकार बंद पडला.

दुसरे उत्तर आले एका लहान कार्यशाळेतून. अमेरिकेच्या ब्युइक कंपनीने १९६१ च्या सुमारास आठ सिलिंडरांचे ॲल्युमिनियमचे एक इंजिन काढले होते. चार सिलिंडर एका बाजूस, चार दुसऱ्या बाजूस, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे. तीनच वर्षांत त्यांनी ते सोडून दिले. इंग्लंडच्या रोव्हर कंपनीने १९६५ साली त्याचे हक्क घेतले, ३५२८ सीसीच्या या इंजिनात आवश्यक ते बदल केले आणि पुढे सुमारे चार दशके ते निरनिराळ्या गाड्यांत वापरात राहिले. १९७० च्या सुमारास केन कॉस्टेलो या इंग्रज तंत्रज्ञाने हे इंजिन एमजीबीत बसवून गाड्या विकण्यास सुरुवात केली. लेलँडच्या अधिकाऱ्यांनी त्याची गाडी पाहिली आणि १९७३ साली कंपनीने स्वतःची एमजीबी जीटी व्ही-८ बाजारात आणली. शक्ती १३७ अश्वशक्ती. आपल्या पुस्तकात ज्याला बलआघूर्ण म्हणतात आणि गॅरेजात ज्याला टॉर्क म्हणतात, ते मूळ इंजिनाच्या पावणेदोन पट. आणि वजन? आकारमान जवळजवळ दुप्पट असूनही ॲल्युमिनियममुळे हे इंजिन मूळच्या बिडाच्या इंजिनाहून जड नव्हते, उलट किंचित हलकेच होते. १९७६ पर्यंत या गाड्या फक्त २५९१ निघाल्या. परंतु गाडीचा तोल बिघडला अशी तक्रार मात्र कोणी केली नाही.

विद्यार्थी मित्रांनो, येथे एक गोष्ट लक्षात ठेवा. ‘मोठे’ या शब्दाचे अर्थ अनेक आहेत. सीसीने मोठे, वजनाने मोठे, लांबीने मोठे. कोणत्या अर्थाने मोठे हवे, हे आधी ठरवावे लागते.

आता माझ्या कामाकडे वळतो. १९८६ साली नोकरीनिमित्त मी कॉव्हेंट्री येथे गेलो. मोटारींचे सुटे भाग बनविणाऱ्या एका कारखान्यात आलेखने तपासणे हे माझे काम. शेजारच्या घरात एक निवृत्त टूलमेकर राहत. वयाने माझ्या वडिलांएवढे. मी त्यांना कधी एकेरी नावाने हाक मारली नाही, जरी तेथील रीत तशी असली तरी. त्यांच्या गॅरेजमध्ये अपघातात मोडलेल्या रोव्हर एसडी-१ गाडीतून काढलेले व्ही-८ इंजिन आणि पाच गतींची गिअरबॉक्स ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली होती. संधिवाताने त्यांची बोटे वाकली होती. एके दिवशी ते म्हणाले, “डोके माझे आणि हात तुमचे, असे चालेल का?” मी लगेच होकार दिला आणि १९९५ मध्ये १९७८ च्या बनावटीची एक गंजलेली एमजीबी विकत घेतली.

१९७८ चीच का? १९७४ च्या अखेरीनंतर कंपनीने सर्वच एमजीबींना व्ही-८ साठी तयार केलेला इंजिनाचा कप्पा दिला होता, आणि पुढे रेडिएटरही पुढच्या बाजूस सरकवून त्याला विजेचा पंखा दिला. म्हणजे मोठ्या इंजिनाची जागा तिथे आधीच होती. योग्य गाडी निवडण्यातच अर्धे काम होते, हा त्यांचा पहिला धडा.

दुसरा धडा गंजाचा. या गाडीला वेगळी चॅसिस नाही. पत्र्याची काया हीच तिची चौकट. दारांखालून जाणारे पोकळ पत्र्याचे खोके, त्यांना तिकडे सिल म्हणतात, उघड्या टपाच्या गाडीत बहुतेक भार पेलतात. आमच्या गाडीचे सिल बाहेरून रंगवलेले आणि आतून चाळणी झालेले होते. अशा कायेत दुप्पट आकाराचे इंजिन बसवणे म्हणजे भेगाळलेल्या भिंतीवर मजला चढवणे. पहिला संपूर्ण हिवाळा आम्ही इंजिनाला हातही न लावता पत्रा कापण्यात आणि वेल्डिंगमध्ये घालवला. कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडव्या पट्ट्या लावून काया जखडून ठेवली, नाहीतर मधोमध ती खचली असती.

त्यानंतर मापे. आम्ही इंजिनातून दट्ट्ये, शीर्षभाग सर्व काढून नुसता रिकामा ब्लॉक क्रेनने उचलून कप्प्यात उतरवला. हलका असल्याने तो दोघांना हलवता येई. किती वेळा उतरवला असेल? मी वहीत खुणा करीत होतो, एकोणीस झाल्या. पुढे क्रँकची पुली आणि रेडिएटर यांत किती जागा राहते, खाली तेलाचे भांडे चक्राच्या रॅकला लागते का, बाजूने एक्झॉस्टचा नळ चक्राच्या दांड्यापासून किती दूर राहतो. सर्वांत अडचणीची जागा हीच. चालक उजव्या बाजूस बसतो, म्हणून उजव्या एक्झॉस्टच्या अगदी जवळून चक्राचा दांडा जातो. तेथे बोटभर जागा राहीपर्यंत आम्ही माउंटिंगला पक्के वेल्डिंग केले नाही, फक्त टाके मारून ठेवले. वडील लालागुड्याला जे करीत तेच हे: आधी टाका, मग तपासणी, मग पक्के काम.

तोल साधून माउंटिंग बसले, तसे एकामागून एक मागण्या सुरू झाल्या. नवी गिअरबॉक्स लांब, म्हणून मागील आसाकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट आखूड करून पुन्हा संतुलित करून घ्यावा लागला. इंजिन कमी फेऱ्यांत अधिक ओढणारे, म्हणून मागील आसाचे दातेरी प्रमाण बदलावे लागले, मूळ ३.९ होते, कारखान्याच्या व्ही-८ प्रमाणे ते ३.०७ केले. चाक एकदा फिरण्यासाठी इंजिनाला आता कमी फेरे घ्यावे लागत. कार्ब्युरेटर मधोमध ठेवले तर बॉनेट बंद होत नसे. कॉस्टेलोच्या गाड्यांच्या बॉनेटवर यासाठीच उंचवटा असे. कारखान्याने कार्ब्युरेटर मागे नेऊन तो टाळला. आम्ही कारखान्याचा मार्ग धरला, कारण बॉनेट कापले की ते परत जुळत नाही.

शेजाऱ्यांचा याबाबत दंडक होता. जे बोल्टने बसते ते बोल्टने परत निघते. जे कापले ते गेले. म्हणून शक्य तेथे आम्ही कापणे टाळले. मूळ इंजिन तेल लावून लाकडी पेटीत बंद करून ठेवले आणि पेटीवर त्याचा क्रमांक लिहिला. पुढे कोणाला ही गाडी पूर्ववत करावीशी वाटली, तर ती करता यावी.

उष्णतेची गोष्टही सांगितली पाहिजे. पेट्रोल इंजिनात इंधनातील ऊर्जेचा ढोबळमानाने एकतृतीयांश भागच चाकांच्या कामी येतो. साधारण तेवढीच ऊर्जा एक्झॉस्टमधून आणि तेवढीच रेडिएटरमधून बाहेर टाकावी लागते. शक्ती वाढवली की उष्णताही वाढते. आम्ही मोठा रेडिएटर, दोन पंखे, तेलासाठी वेगळा कूलर आणि चक्राच्या दांड्याजवळ उष्णतारोधक पत्रा बसवला. एवढे सर्व केले. विमा कंपनीला कळवले, नोंदणी खात्याकडे इंजिनाचा नवा क्रमांक व सीसी नोंदवली. दोन वर्षांनी, १९९७ च्या मे महिन्यात, गाडी सुरू झाली. तो आवाज ऐकून शेजारी गॅरेजमधल्या स्टुलावर बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

आणि मी एक काम मागे ठेवले होते. ब्रेक.

असे नव्हे की मला कोणी सांगितले नव्हते. शेजाऱ्यांच्या यादीत ‘पुढच्या जाड डिस्क, मोठे कॅलिपर, नवे ब्रेक ऑईल’ हे इंजिनाच्या वर लिहिलेले होते. कारखान्याच्या व्ही-८ ला जाड डिस्क दिल्या होत्या, हेही मला माहीत होते. पण पैसे संपत आले होते. जुने ब्रेक तपासले. पॅडल टणक लागत होते. म्हटले, उन्हाळाभर चालवू आणि हिवाळ्यात बदलू.

जुलै महिन्यातील एका रविवारी मी माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन बॅनबरीकडे गेलो. वॉरिकशायरच्या दक्षिणेस एजहिल नावाची डोंगराची लांब कडा आहे. बॅनबरीहून स्ट्रॅटफर्डकडे येणारा रस्ता त्या कडेवरून तीव्र, वळणाच्या उताराने खाली मैदानात येतो. त्या दिवशी मी गाडी वेगात चालवली होती. प्रत्येक सरळ पट्ट्यावर वेग वाढवायचा आणि प्रत्येक वळणापूर्वी ब्रेक दाबायचा. उतारावर आलो. पहिल्या वळणाआधी पॅडल नेहमीपेक्षा खोल गेले. दुसऱ्या वळणाआधी ते तळाला टेकले. पायाखाली काहीच उरले नाही.

मुलीने विचारले, “बाबा, असे पाय का आपटताय?” मी उत्तर दिले नाही. चौथ्या गतीतून तिसरी, तिसरीतून दुसरी. इंजिन ओरडले, वेग थोडा कमी झाला. हँडब्रेक तारेने मागील चाकांना लागतो, त्यात ऑईल नसते. तो हळूहळू ओढला. समोरून एक घोड्यांचा ट्रेलर चढत येत होता. डाव्या बाजूस शेताचे उघडे फाटक दिसले. त्यात गाडी घातली आणि ओल्या गवतात ती थांबली. हे सर्व अर्ध्या मिनिटात घडले असेल. कोणाला इजा झाली नाही. ट्रेलरच्या चालकाने हात हलवून आभार मानले. त्याला वाटले, आम्ही त्याला वाट दिली.

तासाभराने पॅडल दाबून पाहिले. ते पूर्वीसारखे टणक होते, जणू काही झालेच नव्हते. या बिघाडाची खरी भीती यातच आहे. थंड गाडीत तो सापडत नाही. अंगणात कितीही वेळा तपासा, ब्रेक उत्तम लागतील.

असे का घडले? ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट-४ दर्जाच्या नव्या ऑईलचा उत्कलनबिंदू निदान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी शोषलेल्या ऑईलसाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. ऑईल तापून उकळले की नळीत वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पाय मग वाफच दाबत राहतो. माझ्या गाडीतील ऑईल किती वर्षांचे होते, देव जाणे. शिवाय आसाचे प्रमाण मी बदलले होते. त्यामुळे त्याच गतीत इंजिनाचा रोध मूळ प्रमाणाने मिळाला असता त्यापेक्षा कमी मिळत होता. वेग वाढवणारे सर्व बदल मी केले होते. त्यांतील एक बदल थांबण्याच्या विरोधात जातो, हे माझ्या ध्यानातही आले नव्हते.

आता सरांविषयी. नववीत सरांनी फळ्यावर लिहिले होते: गतिज ऊर्जा बरोबर अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. सूत्र लिहून झाले की सर कधीच ‘पाठ करा’ म्हणत नसत. ते म्हणत, “याचा अर्थ काय, हे आज घरी जाऊन आईला समजावून सांगा. आईला कळले नाही, तर तुम्हाला कळलेले नाही.” आम्ही हसत असू. माझी आई चौथी शिकलेली. मी तिला ‘वेगाचा वर्ग’ काही समजावून सांगितला नाही. परीक्षेत मात्र पूर्ण गुण मिळवले.

त्या रविवारी संध्याकाळी जेवताना मुलीने आईला सर्व सांगून टाकले. घरात शांतता पसरली. मग मुलीने मला विचारले, “पण ब्रेक गेले कशाने?” तेव्हा, सव्वीस वर्षे उशिराने, मी सरांचा गृहपाठ केला. कागद घेतला. गाडी आणि आम्ही दोघे मिळून समजा १२५० किलो. ताशी ७० किलोमीटर वेगाने ऊर्जा सुमारे २३६ किलोज्यूल. ताशी १०० किलोमीटर वेगाने सुमारे ४८२. वेग दीडपटही झाला नाही आणि ऊर्जा दुप्पट झाली. हा ‘वर्ग’ या शब्दाचा अर्थ. गाडी थांबवायची तर ही सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता म्हणून जाते. चुलीवरच्या पातेल्याकडे बोट दाखवून मी म्हटले, ताशी १०० वरून गाडी एकदा थांबवणे म्हणजे साधारण दीड लिटर पाणी उकळीला आणणे. आणि ८० मीटर उंचीचा उतार केवळ ब्रेकवर उतरणे म्हणजे आणखी तीन लिटर. मी दुपारभर त्या लहानशा डिस्कवर पातेल्यामागून पातेले उकळत होतो. मुलीला ते कळले. तिने विचारले, “मग हे आधी का नाही मोजले?” याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना सांगितले. ते काही बोलले नाहीत. गॅरेजमध्ये आले, डिस्ट्रिब्युटरचे झाकण उघडून आतला रोटर काढला आणि खिशात घातला. रोटरशिवाय इंजिन सुरू होत नाही. चार महिने तो त्यांच्या स्वयंपाकघरातील कपाटात होता. जाड डिस्क, मोठे कॅलिपर, ब्रेकच्या नव्या नळ्या, नवे ऑईल, मागील ड्रममध्ये नवे शू. सर्व बसवून झाल्यावर त्यांनी स्वतः बाजूच्या आसनावर बसून तो उतार माझ्याकडून लागोपाठ तीन वेळा उतरवून घेतला, आणि तिसऱ्या वेळी खाली पोहोचल्यावर पॅडल तपासले. मगच त्यांनी माझ्या हाताला हात लावला. त्यानंतर ती गाडी आम्ही चौदा वर्षे चालवली.

मला वडिलांची आठवण झाली. ते सांगत, डब्यांचा ब्रेक तपासल्याशिवाय गाडी यार्डातून हलत नाही, पुढे इंजिन कितीही बलवान असो. हे वाक्य मी या शहरात, त्यांच्या तोंडून, लहानपणी शंभर वेळा ऐकले होते. सूत्र सरांनी दिले होते, नियम वडिलांनी दिला होता. दोन्ही मला मराठीत, माझ्या भाषेत मिळाले होते. तेव्हा समजले नाही, ही सबब मला नाही. मी ते वापरले नाही, एवढेच.

येथे बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना घरी जाऊन मोटारसायकल उघडावीशी वाटेल. जरूर उघडा, वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली. परंतु भारतातील कायदा ध्यानात घ्या. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांहून वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही. इंजिन बदलायचे झाल्यास नोंदणी प्राधिकाऱ्याची परवानगी लागते. पन्नास वर्षांहून जुन्या ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी २०२१ साली जे नियम आले, त्यांतही इंजिन व काया यांत मोठा बदल झालेला नसावा अशी अट आहे. आपल्याकडे जुनी गाडी जतन करायची असेल, तर तिचे मूळ इंजिनच उत्तम स्थितीत ठेवणे हाच मार्ग आहे, आणि त्यात शिकण्यासारखे काही कमी नाही.

काही पालकांनी सकाळी मला विचारले, एवढ्या खटाटोपातून काय मिळाले? सरळ सांगतो. इंजिन बसवताना मला जो आनंद झाला, तो खरा होता. त्याबद्दल मला खेद नाही. ताकद वाढवणे वाईट नाही. पण वाढलेली प्रत्येक अश्वशक्ती गाडीच्या उरलेल्या प्रत्येक भागाकडे काहीतरी मागते. कायेकडे, आसाकडे, रेडिएटरकडे, आणि सर्वांत आधी ब्रेककडे. ही मागणी कागदावर आधी मोजता येते. मोजली नाही, तर ती उतारावर वसूल होते. आणि त्या वेळी शेजारच्या आसनावर कोण बसले असेल, हे आपल्या हाती नसते.

शेवटी एक लहानशी भेट. सिकंदराबादच्या भंगार बाजारातून मी ॲम्बॅसॅडरचे एक जुने १४८९ सीसीचे इंजिन आणले आहे. त्याची एक बाजू कापून आतील दट्ट्ये, झडपा आणि क्रँक दिसतील असे केले आहे. मूळ दंडकाविरुद्ध हे मी कापले, कारण हे इंजिन आता पुन्हा चालणार नव्हते. वरच्या मजल्यावरील प्रयोगशाळेत ते ठेवले आहे. पुढे एक हँडल आहे. हाताने फिरवा, म्हणजे चारही दट्ट्ये वरखाली होताना दिसतील. शेजारी एक जुनी ब्रेक डिस्कही ठेवली आहे, निळसर डाग पडलेली. ती माझ्या गाडीची, एजहिलच्या उतारावरची. शिक्षकांना विनंती आहे, की गतिज ऊर्जेचा धडा आला की ती डिस्क विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी, आणि त्या दिवशीचा गृहपाठ तोच द्यावा, जो सर देत असत.

१९७४ साली राहून गेलेले तिसरे वाक्य असे होते: “सरांनी आम्हाला जे शिकवले, ते आम्ही विसरणार नाही.” बरे झाले ते तेव्हा म्हटले गेले नाही, ते खरे ठरले नसते. आज मी ते असे म्हणतो: सरांनी जे शिकवले ते मी एकदा विसरलो होतो, आणि आता विसरणार नाही.